चालत्या दुकानाचें स्थलांतर

२००८ च्या ऑगस्टांत नेटफ्लिक्स या अमेरिकन कंपनीचा डेटाबेस बिघडला, आणि तीन दिवस तिला गिऱ्हाइकांकडे चित्रपटांच्या डीव्हीडी पाठवितां आल्या नाहींत. तेव्हां स्वतःचीं संगणकगृहें सोडून ॲमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या दूरस्थ संगणकांवर, जाण्याचें तिनें ठरविलें. २०१६ च्या जानेवारींत काम पुरें झालें; बिलांचा नाजूक कारभार शेवटीं हलला. या अवधींत दुकान मात्र चालूच होतें.

विद्यार्थ्यांनो, असें स्थलांतर साधतें कसें? डेटाबेस ही खतावणी, व तींतील प्रत्येक फेरफार क्रमानें टिपणारी नोंद ही कीर्द समजा. मोठ्या खतावणीची समग्र नक्कल होण्यास कधीं कित्येक दिवस लागतात. तोंवर मूळ वही पालटलेली! म्हणून नकलेच्या आरंभापासूनच्या कीर्दींतील नोंदी नव्या प्रतीवर क्रमानें चढवीत राहावें. पिछाडी क्षणांवर आली व दोन्ही वह्या ताडून जुळल्या, कीं जुन्या जागीं लेखन थांबवावें, उरलेल्या नोंदी उतरवाव्या आणि गिऱ्हाइकांस नव्या दाराकडे वळवावें. दुकान बंद तें तेवढाच वेळ.

ताडण्यांत आळस करणें आमच्या मतें अक्षम्य होय. नव्या वहींत व्यवहार पडूं लागले, कीं जुन्या वहीकडे परतणें अवघड. यास्तव चतुर कारभारी नव्या नोंदी कांहीं काळ उलट जुन्या वहींतहि पोंचवीत राहतात.