निळी गोळी आणि राहून गेलेला पाठ

शासकीय शाळांतील किशोरवयीन मुलामुलींना आठवड्यातून एकदा एक निळी गोळी दिली जाते. तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असते. जेवणानंतर, शिक्षकांच्या देखत ती घ्यावयाची असते. तरीही एखादी मुलगी ती हळूच ओढणीच्या टोकात बांधते आणि घरी जाताना टाकून देते. गोळीने मळमळते, शौचाला काळे होते, असे तिने ऐकलेले असते. ते खोटेही नसते! उपाशीपोटी घेतल्यास मळमळ होते आणि शोषल्या न गेलेल्या लोहामुळे मलाचा रंग काळा होतो; त्यात धोका मात्र नसतो. एवढे कुणी समजावले असते, तर ती गोळी पोटात गेली असती.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वर्षे वयाच्या ५९.१ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. २०१५-१६ मध्ये हे प्रमाण ५४.१ टक्के होते. गोळ्यांचे वाटप चालू असताना ते वाढले, ही विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वाढीच्या वयात शरीराला लोह अधिक लागते. मासिक पाळीत ते रक्तावाटे जाते. अनवाणी पायांतून शरीरात शिरणारे अंकुशकृमी आतड्यातील रक्त शोषतात. जेवणावर लगेच घेतलेला चहा अन्नातील लोह अंगी लागू देत नाही, तर पालेभाजीवर पिळलेले लिंबू त्याला साहाय्य करते. या सर्व गोष्टी एकत्र सांगणे म्हणजेच सर्वांगीण आरोग्यशिक्षण.

पण यातील पाळीचा उल्लेख आला, की वर्गात शांतता पसरते आणि पुस्तकातील ते प्रकरण घरी वाचण्यास सांगितले जाते. हा संकोच जुना आहे. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले, तेव्हा त्यांना अश्लीलतेचे खटले सोसावे लागले. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांतील लैंगिक शिक्षण थांबवले. २०२० मध्ये सुरू झालेल्या शालेय आरोग्य कार्यक्रमात मात्र प्रत्येक शाळेतील दोन शिक्षकांना, शक्यतो एक पुरुष व एक स्त्री, यासाठी प्रशिक्षण देण्याची योजना आहे.

काही शाळांत प्रश्नपेटी ठेवतात. चिठ्ठीवर नाव लिहायचे नसते. पाळी चालू असताना ही गोळी घ्यावी का, असा प्रश्न तीत निघाला, तर उत्तर सोपे आहे : अवश्य घ्यावी.