पावात डाळीचं पीठ, मीठ मात्र कमी

आहाराचा पाठ शिकवताना चौरस ताटाचं चित्र काढण्यापेक्षा फळ्यावर पावाचा हिशेब मांडावा. मुलांना तो लगेच कळतो. अर्धा किलो पिठाला साधारण १० ग्रॅम मीठ पडतं. त्याचे १० पाव केले, तर दोन पावांतून २ ग्रॅम मीठ पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाच दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, मुलांना त्याहूनही कमी. भाजी, लोणचं, वेफर्स तर अजून मोजलेच नाहीत!

आता पिठाकडे वळू. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, डाळींत भरपूर. उलट डाळींत मेथिओनिन कमी, ते गहू भरून काढतो. आपल्या थालीपिठाच्या भाजणीत हेच तर साधलेलं असतं. म्हणून ४५० ग्रॅम मैद्यात किंवा कणकेत ५० ग्रॅम बेसन मिसळा. प्रथिनं वजनाने फार वाढत नाहीत, जेमतेम पाच-सहा ग्रॅम. पण आहेत ती शरीराला जास्त उपयोगी पडतात. पहिल्याच वेळी याहून जास्त बेसन घालू नका. डाळीत ग्लूटेन नसतं, पाव दडस होतो. बेसन आधी मंद आचेवर कोरडं भाजून घेतलं की कच्चट वास जातो.

मीठ १० वरून ६ ग्रॅमवर आणा, पण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू. मग जीभ कुरकुरत नाही. मीठ यीस्टला आवरून धरतं. ते कमी झालं की पीठ लवकर फुगतं, तेव्हा घड्याळाकडे नको, पिठाकडे बघा. दुप्पट झालं की पाव वळायला घ्या.