बहापूरची कालिका

दिल्लीच्या दक्षिणेस, अरवलीच्या एका खडकाळ फाट्यावर बहापूर हे गाव वसले आहे. महानगराने आज ते चोहोबाजूंनी वेढले असून १९८६ साली खुले झालेले बहाई पंथाचे कमळाकृती मंदिर याच गावाच्या जमिनीवर उभे आहे. तथापि बहापूरची जुनी ओळख कालिकादेवीच्या जत्रेची. चैत्र व आश्विन या दोन्ही नवरात्रांत येथे भाविकांची रीघ लागते.

दैत्यांचे रक्त भूमीवर सांडताच त्यातून हजारो दैत्य उठू लागले, तेव्हा कौशिकीच्या भुवयांतून कालिका प्रकटली आणि ते रक्त तिने वरच्यावर प्राशन केले, अशी स्थलकथा आहे. सप्तशतीतील रक्तबीजाच्या आख्यानाशी तिचे साम्य उघड आहे.

देवीचे स्थान कितीही प्राचीन मानले, तरी आजची वास्तू तितकी जुनी नाही. मधला गाभारा बारा बाजूंचा, प्रत्येक बाजूस दार, सभोवती छत्तीस कमानींची ओवरी आणि वर निमुळते शिखर, अशी तिची रचना आहे. १८१६ साली दुसऱ्या अकबरशहाचे पेशकार राजा केदारनाथ यांनी तीत भर घातली. पुढे दिल्लीच्या सावकारांनी भोवती धर्मशाळा बांधल्या. सर्वांत जुना भाग मराठ्यांनी १७६४ च्या सुमारास बांधला, असे सांगण्याचा प्रघात आहे. मराठी वाचकास हे ऐकून समाधान वाटेल, परंतु ते तपासून घेतले पाहिजे. पानिपतानंतर दिल्लीचा कारभार नजीबखान रोहिल्याच्या हाती होता. १७६४ च्या अखेरीस भरतपूरच्या जवाहरसिंहाने दिल्लीस वेढा घातला, तेव्हा मल्हारराव होळकर त्याच्या मदतीस आले होते खरे. पण ते द्रव्य ठरवून आणि अर्ध्या मनाने. त्या धामधुमीत देवालय बांधण्याची सवड कोणास असणार? १७७१ साली महादजी शिंदे दिल्लीत आले, त्यानंतरचा काळ अधिक संभवनीय दिसतो. जुन्या सरकारी नोंदींत १७६४ किंवा १७७१ असे दोन्ही सन आहेत. लोकांनी पहिला तेवढा उचलला.

त्याआधी मराठ्यांची या देवीशी गाठ पडली ती निराळ्याच प्रकारे. १७३७ च्या चैत्रात पहिला बाजीराव अकस्मात दिल्लीवर चालून आला, तेव्हा रामनवमीच्या सुमारास कालिकेची जत्रा भरली होती. जत्रेकरू लुटले गेले. चिमाजीअप्पास लिहिलेल्या पत्रात बाजीरावाने कालिकेच्या देवळाचा उल्लेख केला आहे. ही घटना सुखद नाही. पण आजची वास्तू उभी राहण्यापूर्वीही येथे देऊळ होते आणि जत्रा भरत होती, याचा भक्कम पुरावा तीच देते.

त्याहून मागे जावयाचे तर साक्ष देतो तो बहापूरचा खडक. १९६६ साली वसाहतीचे बांधकाम चालू असताना या परिसरातील एका शिळेवर अशोकाचा ब्राह्मी लेख आढळला. लेख सुमारे पाऊण मीटर लांबरुंद असून त्याच्या ओळी दहा आहेत. दिल्लीतील अशोकाचे दोन स्तंभ चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने टोपरा व मेरठ येथून आणवले. हा लेख मात्र मूळ जागीच आहे. उपासक झाल्यावरही आरंभी आपल्या हातून फारसा उद्योग झाला नाही, अशी कबुली राजा त्यात देतो, आणि पराक्रमाने लहान माणसासही स्वर्ग लाभतो असे सांगतो. देवीचे नाव त्यात नाही. मंदिर अशोककालीन होते असे या लेखावरून म्हणणे म्हणजे लेखाच्या तोंडी परके शब्द घालणे होय. मात्र राजाज्ञा निर्मनुष्य रानात कोरत नाहीत. येथून रहदारीची वाट जात असली पाहिजे.

पूजेचा हक्क परंपरेने पुजारी घराण्यांकडे आहे. त्यांच्या पाळीस येथे ‘बारी’ म्हणतात. कुटुंबे वाढली तसे बारीचे वाटे बारीक होत गेले आणि दानाच्या हिशेबावरून तंटे न्यायालयात पोहोचले. २०२१ साली दिल्ली उच्च न्यायालयाने एका निवृत्त न्यायाधीशांना मंदिराचे प्रशासक नेमले. आवाराच्या पुनर्रचनेसाठी दुकानदारांना आणि धर्मशाळांत राहणाऱ्या कुटुंबांना जागा सोडण्यास सांगण्यात आले.