पाव इंचाची माया

गोधडी आपल्याकडे घरोघरी असते. पण तिचा नमुना कागदावर छापून विकला जातो, हे आपल्यापैकी पुष्कळांना नवे वाटेल. अमेरिकेत ही प्रथा जुनी आहे. तेथील ‘कॅन्सस सिटी स्टार’ या वृत्तपत्राने १९२८ ते १९६१ या काळात असे नमुने छापले. तिकडच्या गोधडीचा घटक म्हणजे ‘ब्लॉक’ : लहान तुकडे जोडून केलेला एक चौकोन. असे वीस-तीस चौकोन जोडले की गोधडीचा दर्शनी भाग तयार होतो.

माझी मावशी तिकडेच असते व नवे ब्लॉक रचते. नमुना विक्रीस काढण्यापूर्वी ती तो चार-पाच जणींकडून शिवून घेते. यंदा त्यांत माझी वर्णी लागली. हे काम शिवणात तरबेज असणारीचे, असा समज होईल. माझ्या मते ते जवळजवळ उलटे आहे. तरबेज हात कमी पडलेले कापड ओढून घेतो, जास्तीचे जिरवून टाकतो, आणि कागदावरची चूक शिवणीत बुजून जाते. नमुना तपासणारीने कागद सांगेल तेवढेच करावे, मनचे काही घालू नये. माझ्या आजीला हे मुळीच जमले नसते. जुनी लुगडी-धोतरे एकावर एक अंथरून ती धावदोरा घालीत जाई. तुकडा कमी पडला तर दुसरा लावी. कागदच नसल्यामुळे तिथे चुकायला जागा नव्हती!

मावशीचा ब्लॉक बारा इंचांचा, नऊ घरांचा. मधले घर साधे, कोपऱ्यांची चार घरे एका कर्णावर दुभागलेली, बाजूंची चार दोन्ही कर्णांवर चौभागलेली. त्यांतून मधोमध तारा उमटतो. शिवून झाल्यावर प्रत्येक घर ४ इंचांचे. भोवती पाव इंच माया धरली की साध्या घराचा तुकडा ४ १/२ इंचांचा होतो. (शिलाईत दडून राहणाऱ्या कापडाला ‘माया’ म्हणणाऱ्या शिंप्याचे मला फार कौतुक वाटते.) त्रिकोणांसाठी मात्र कागदात सरसकट ४ ७/८ इंचांचे चौरस कापायला सांगितले होते. कोपऱ्यांची घरे बरोबर ४ १/२ इंच उतरली. बाजूंची ४ १/८. शिवण मोजली, ती पाव इंचच होती. म्हणजे खोट हिशेबात होती.

कारण असे. चौरस एकदा कापला की दोन त्रिकोण होतात आणि त्यांच्या काटकोनाच्या बाजू घराच्या कडेला येतात. दोनदा कापला की चार त्रिकोण होतात आणि कडेला येतो तो कर्ण. काटकोनाच्या टोकाशी मायेसाठी पाव इंच पुरते. ४५ अंशांच्या निमुळत्या टोकाशी सुमारे ०.६ इंच लागतात. पहिल्या प्रकारात एक टोक काटकोनाचे व एक निमुळते, म्हणून वाढ साधारण ०.८५, म्हणजे व्यवहारात ७/८ इंच. दुसऱ्यात दोन्ही टोके निमुळती, म्हणून वाढ १.२, म्हणजे सव्वा इंच. तेव्हा बाजूंच्या घरांसाठी चौरस सव्वापाच इंचांचाच हवा. अशा कापणीत उरेब बाजू आत राहते व घराची कड ताणली जात नाही, हा आणखी एक फायदा.

मावशीला हे कळवायचे म्हणजे संकोचच. आमच्या घरी शिवणाच्या बाबतीत तिचा शब्द अखेरचा. पण कित्येक जणी सगळे तुकडे आधी कापून मगच शिवायला बसतात. त्यांचे कापड फुकट गेले असते. मी अभिप्राय न देता नुसती मापे लिहून पाठवली. दुसऱ्याच दिवशी तिचे उत्तर आले : आकृती बरोबर होती, आकडा चुकला, आता कापडाचा अंदाजही तूच पुन्हा काढ.

तो अंदाजही बदललाच. वीस ब्लॉकांच्या गोधडीत या घरांसाठी दोन रंगांचे प्रत्येकी चाळीस चौरस लागतात. किनार सोडून कापडाचा पन्हा ४० इंच धरला, तर ४ ७/८ इंचांचे आठ चौरस एका पट्टीत बसतात, सव्वापाचचे सातच. पाच पट्ट्यांच्या जागी सहा लागल्या आणि २४ ३/८ इंच कापडाचे ३१ १/२ इंच झाले. नव्या कागदावर प्रत्येक रंगापुढे ‘पाऊण वार’ खोडून ‘एक वार’ लिहिले आहे.