बागेतली पाखरे आणि आपले कान

फाल्गुन-चैत्रात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये सकाळी लवकर गेले, की पक्षी दिसतात कमी आणि ऐकू येतात जास्त. झाडे जुनी, उंच. पाखरू पानांत दडलेले. विणीचे दिवस जवळ आलेले असल्याने नरांचा आवाज मात्र चोहोकडे. तांबटाचे भांडे ठोकल्यासारखे 'टुक टुक', दयाळाची शीळ, कोकिळाची चढत जाणारी साद. (गातो तो नर, मादी नव्हे, कवींनी काहीही लिहिलेले असो!) आपल्या गावच्या नगरपालिकेच्या बागेतही यांतले बहुतेक पक्षी भेटतात.

"पूर्वीसारखी पाखरे आता राहिली नाहीत," असे वयस्कर मंडळी म्हणतात. कधी ते खरेही असते. पण शेजारी बसलेल्या नातवाला शिंजिराची बारीक चिवचिव ऐकू येते आणि आजोबांना येत नाही, तेव्हा उणीव बागेत नसून कानात असते.

तरुण माणसाचा कान सेकंदाला २० ते सुमारे २०,००० कंपनांचे आवाज टिपतो. वयोमानाप्रमाणे अंतर्कर्णातील सूक्ष्म पेशी झिजतात, त्यांत उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या आधी. या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून तांबट, भारद्वाज यांचे खालच्या पट्टीतले आवाज पुष्कळ वर्षे साथ देतात; शिंजीर, चष्मेवाला यांचे आवाज मात्र नकळत नाहीसे होतात. बोलण्यातील 'स', 'श', 'फ' ही व्यंजनेही वरच्याच पट्टीतली. मग "आवाज येतो, पण शब्द कळत नाही" अशी तक्रार सुरू होते. घरचे वैतागतात, आजोबा बोलणेच टाळू लागतात. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण उपाय करता येण्याजोग्या गोष्टींत 'लॅन्सेट' आयोगाने २०१७ साली कमी ऐकू येण्याचा समावेश केला, तो उगीच नव्हे.

बागेत बाकावर टेकून नातवंडासोबत दहा मिनिटे शांत बसावे. (मानेचे दुखणे असणाऱ्यांनी सारखे वर पाहू नये.) प्रत्येकाने ऐकू आलेले निरनिराळे आवाज मोजावेत आणि मग ताडून पाहावेत. आळीपाळीने एकेक कान बोटाने बंद करून पुन्हा ऐकावे. ही काही तपासणी नव्हे, पण फरक ठळक आढळला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी. कित्येकदा नुसता मळच निघतो. तो केसपिनेने कोरू नये, कानात गरम तेल घालू नये. श्रवणयंत्र सुचवले, तर चष्म्याइतक्याच सहजपणे लावावे. वर्षानुवर्षे लांबणीवर टाकले, तर त्याची सवय होणे जड जाते.

हे सारे सावकाश उतरणाऱ्या श्रवणशक्तीविषयी झाले. मात्र एखाद्या सकाळी एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. यावरील औषधे पहिल्या काही दिवसांतच अधिक उपयोगी पडतात.