बेल्टवरून उचललेली गिटार

2018 च्या गणपतीत दुबईतल्या एका मराठी मंडळाने आमच्या ऑर्केस्ट्राला बोलावलं. आम्ही सात जण, त्यातल्या चौघांचा पहिलाच विमानप्रवास. रात्री अडीचला चिंचोटी नाक्यावरून गाडी निघाली. माझी गिटार डिकीत आडवी टाकायला मन होईना, म्हणून विमानतळापर्यंत मी ती मांडीवर उभी धरून बसलो होतो. एवढी काळजी घेऊनही दुबईच्या हॉटेलात कापडी गिग बॅगेची चेन ओढली, तर हेडस्टॉक, म्हणजे मानेच्या टोकाचा किल्ल्यांचा भाग, तारांना लोंबकळत होता. नटच्या मागे लाकूड तिरपं फाटलं होतं, आतलं कोरं, लालसर महोगनी दिसत होतं. एका कडेचा लॅकरचा पापुद्रा तेवढा दोन्ही तुकडे धरून होता. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता. मंडळातल्या एका गृहस्थांच्या मुलाची गिटार उसनी घेऊन मी तो वाजवला.

चूक कुठे झाली हे समजायला मला बरेच महिने लागले. ते सगळं इथे मांडतो, कारण आता आमच्या वसई-विरार भागातली कितीतरी मुलं गिटार घेऊन परदेशी जातात. कोणी कार्यक्रमाला, कोणी शिकायला, कोणी कायमची.

माझा गिग बॅगेवर फार विश्वास होता. चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याने भिवंडीच्या हळदीला जाताना तीच बॅग पाठीला लावून मी बाईकवर वर्षानुवर्षं फिरलो. त्या रस्त्याचे खड्डे ज्याने खाल्ले आहेत त्याला वाटतं, यातून वाचलेली गिटार कुठेही वाचेल. पण बाईकवर सगळे धक्के माझी पाठ झेलत होती. विमानाच्या सामानात गिटारला पाठ नसते. ती उभी ठेवली की आडवी पडते, वर सुटकेस येतात, एका पट्ट्यावरून दुसऱ्या पट्ट्यावर ती घसरते. 'नाजूक वस्तू' असं स्टिकर मीही लावून घेतलं होतं. त्या स्टिकरवर विसंबून राहू नका. गिटार पडणारच आहे असं धरून ती बांधा.

माझी गिटार लेस पॉल घडणीची. 1952 सालच्या त्या रचनेत मान अंगाला चिकटवलेली असते आणि हेडस्टॉक मागे कललेला असतो. कललेल्या जागी लाकडाचे तंतू आडवे तुटक पडतात. त्यातच नटच्या मागे ट्रस रॉडची चावी फिरवायला खाच कोरलेली असते, म्हणजे जिथे ताण जास्त तिथेच लाकूड कमी. सहा तारा सुरात असताना मानेवर साधारण चाळीस-पंचेचाळीस किलोचा ओढा असतो. शिवाय हेडस्टॉकच्या टोकाला सहा धातूच्या किल्ल्यांचं वजन. केस पाठीवर आपटली की अंग थांबतं, मान थांबते आणि तो जड हेडस्टॉक मात्र मागे झटका खातो. गिटारला बाहेरून कशाचाही धक्का न लागता ती अशीच मोडते. कडक केसमध्येसुद्धा मोडते, कारण बहुतेक केस मानेला आधार देतात आणि हेडस्टॉक अधांतरी ठेवतात.

म्हणून पहिलं काम हेडस्टॉकचं. त्याच्या खाली आणि दोन्ही बाजूंना मऊ सुती कापड असं भरा की तो हलणार नाही, पण वरही उचलला जाणार नाही. मी आईच्या जुन्या साडीची घडी वापरतो. केस बंद करून हलकेच हलवा. आत काहीही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. तारा प्रत्येकी दोन-तीन सूर उतरवा. पूर्ण सैल सोडू नका, कारण ट्रस रॉड मानेला उलट दिशेने ओढत असतो. विमानात हवेच्या दाबाने तारा तुटतात असं आमच्याकडे सर्रास सांगतात, ते खरं नाही. सामानाच्या कप्प्यातही केबिनसारखाच दाब राखलेला असतो. तारा उतरवायच्या त्या धक्क्यासाठी. व्हॅमी बार काढून केसच्या खणात ठेवा, तो गिटारवर मोकळा राहू देऊ नका.

ज्यांची गिटार स्ट्रॅटोकास्टर किंवा टेलिकास्टर घडणीची आहे त्यांचं नशीब चांगलं. मान चार स्क्रूंनी बसवलेली, हेडस्टॉक सरळ. ती सुटी करून मोठ्या सुटकेसमध्ये कपड्यांच्या मधोमध नेता येते. तारा सैल करून पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा, म्हणजे किल्ल्यांवरचे वेढे सुटत नाहीत. पुन्हा बसवताना स्क्रू आधी उलटा फिरवा. जुन्या आट्यात तो 'टक' करून बसल्याचं बोटाला कळतं, मग आवळा. घाईत नवे आटे पाडले तर लाकूड कायमचं पोकळ होतं.

केबिनमध्ये नेता आली तर उत्तमच, पण गिटार मीटरभर लांब आणि आपल्याकडे हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा सात किलो. काउंटरवर 'हो' म्हणतील आणि विमानाच्या दारात 'नाही' म्हणतील, हे धरून चला. केबिनच्या आशेने गिग बॅग आणलेल्या माणसाची गिटार अशा वेळी थेट खाली जाते. अमेरिकेत 2015 पासून नियम आहे की चढताना जागा असेल तर गिटारएवढं वाद्य आत घेऊ द्यावं लागतं. इतरत्र विमान कंपनीला आधी लिहून विचारा आणि उत्तराची प्रत जवळ ठेवा. काही कंपन्या वाद्यासाठी वेगळी सीट विकतात. महागड्या गिटारला तो खर्च मला योग्य वाटतो.

पेडल आणि वायरींचा गुंता एक्स-रेत दिसला की बॅग उघडायला लावतात. ती सहज उघडेल अशी भरा. पॉवर बँक आणि वायरलेसच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात, कटर आणि स्क्रूड्रायव्हर चेक-इनमध्ये.

आता मला सगळ्यात महागात पडलेली गोष्ट. काउंटरवर मी एका टॅगवर सही केली. 'वेष्टन अपुरं आहे, नुकसानीची जबाबदारी प्रवाशाची' असा त्याचा अर्थ होता, आणि मी तो वाचला नाही. मग बेल्टवरून बॅग उचलली आणि न उघडता बाहेर पडलो. हॉटेलातून फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, विमानतळावर तक्रार नोंदली नाही, आता काही करता येणार नाही. कॅनडाच्या डेव्ह कॅरोल या गायकाचंही 2008 मध्ये असंच झालं होतं. शिकागोत त्याची गिटार मोडली आणि चोवीस तासांत दावा केला नाही म्हणून कंपनीने भरपाई नाकारली. त्याने त्यावर गाणं केलं, ते जगभर गाजलं. आपल्या हातात तेवढं नसतं, पण कागद असतो.

बेल्टच्या शेजारीच केस उघडा. मोडतोड दिसली तर कस्टम्स ओलांडण्याआधी सामानाच्या काउंटरवर लेखी नोंद करून तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासात मॉन्ट्रियल कराराप्रमाणे नुकसानीची लेखी तक्रार सामान मिळाल्यापासून सात दिवसांत करता येते. भारत या करारात 2009 पासून आहे. हे मला तेव्हा माहीत असतं तर फोनवरच्या उत्तराने मी गप्प बसलो नसतो. भरपाईची कमाल मर्यादा डिसेंबर 2024 पासून 1,519 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबी एकक) आहे, म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. गिटार त्याहून महाग असेल तर चेक-इनच्या वेळीच जास्त किंमत जाहीर करून जादा आकार भरता येतो. देशांतर्गत प्रवासात मर्यादा बरीच कमी आहे, म्हणून वेगळा विमा घ्या. निघण्याआधी केससकट फोटो काढा, हेडस्टॉकच्या मागचा सिरियल नंबरही. महागडी गिटार भारतातून नेताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतलं तर परतताना शुल्काचा वाद होत नाही. शिसवी फ्रेटबोर्डची भीती मात्र आता नको. 2017 मध्ये शिसवाच्या सगळ्या जातींच्या परदेशी ने-आणीवर निर्बंध आले होते, पण 2019 च्या अखेरीपासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. ब्राझिलियन शिसवावर तेवढे अजून कडक निर्बंध आहेत.

माझी गिटार मालाडच्या एका कारागिराने सरस भरून, शिकंज्यात आवळून जोडली. जोड बोटाला लागत नाही, उजेडात तिरपी धरली तर केसाएवढी रेघ दिसते. तेव्हापासून ती कडक केसमधूनच जाते.

मागच्या जानेवारीत शेजारचा मुलगा टोरंटोला शिकायला निघाला. मी त्याला ती केस दिली, साडीची घडीही दिली. पहाटे त्याचा बेल्टजवळून फोटो आला: केस उघडी, नटमागची मान स्वच्छ, अखंड. पण एक धोका अजून उरला होता. आपल्या दमट हवेत फुगलेलं लाकूड विमानात गार होतं, मग हीटरच्या कोरड्या हवेत एकदम आलं तर लॅकरला तडे जातात, फ्रेटची टोकं बाहेर येतात. मी त्याला लगेच लिहिलं, ‘बघून झालं ना? आता बंद कर. खोलीवर गेल्यावरही उद्या सकाळपर्यंत उघडू नकोस.’