संकरित मोटारीची चाके : आकार वाढविण्यापूर्वी

पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन शक्तींवर चालणाऱ्या मोटारीला परिभाषेत 'संकरित' म्हणतात. लोकांच्या बोलण्यात ती 'हायब्रिड' झाली आहे. तेवढ्याच आकाराच्या साध्या पेट्रोल मोटारीपेक्षा ती महाग पडते आणि घेणारा ती जादा रक्कम इंधनाच्या बचतीतून भरून निघेल या हिशेबानेच मोजतो. गोव्यात चवथीच्या आधी अशी नवी मोटार अंगणात उभी राहिली की येणाऱ्याजाणाऱ्याची नजर प्रथम चाकांवर जाते. मग कोणीतरी सुचवितो की, चाके एक-दोन इंचांनी मोठी घातली तर गाडीला रुबाब येईल. टायरच्या दुकानात तर ही सूचना न मागताच मिळते.

रुबाबाची हौस असणे यात वावगे काही नाही. घराच्या मागल्या भिंतीपेक्षा दर्शनी भिंतीला चांगला रंग प्रत्येकजण देतो. परंतु संकरित मोटारीचे चाक ही केवळ शोभेची वस्तू नव्हे. ज्या इंधनबचतीसाठी मोटार घेतली, ती बचत घडवून आणणाऱ्या यंत्रणेचाच तो एक भाग आहे.

ही यंत्रणा थोडक्यात अशी. साध्या मोटारीत ब्रेक दाबला की गतीची सारी ऊर्जा घर्षणाने उष्णतेत जाते व वाऱ्यावर विरते. संकरित मोटारीत ब्रेक दाबताच विजेची मोटर उलट काम करू लागते. ती जनित्र बनते व गतीच्या ऊर्जेचा काही भाग वीज म्हणून बॅटरीत साठवते. बेळगावहून येताना चोर्ला घाट उतरणाऱ्या मोटारीची बॅटरी भरत जाते ती यामुळेच. पुढे गावातून संथ जाताना हीच वीज उपयोगी पडते आणि इंजिन बंद राहते.

ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा अशी काही अंशी परत मिळविता येते. मात्र टायरमध्ये जाणारी ऊर्जा परत मिळत नाही, आणि सगळा मुद्दा येथेच आहे. चाक फिरताना टायरचा जमिनीला टेकलेला भाग दर फेऱ्यात दबतो व पुन्हा फुगतो. या दाबण्या-फुगण्यात रबर तापते आणि तेवढी ऊर्जा कायमची जाते. म्हणून संकरित मोटारीला कारखान्यात बहुधा कमी रोधाचे, म्हणजे हलके घरंगळणारे टायर बसविलेले असतात. बाजारातून मोठी रिम घेताना तिच्यावर रुंद आणि पकडीसाठी मऊ रबराचा टायर चढविला, तर बचतीचे नुकसान रिमपेक्षा त्या टायरनेच अधिक होण्याचा संभव असतो.

दुसरी बाब वजनाची. फिरत्या चाकाच्या कडेला असलेले वजन मोटारीच्या अंगातील वजनापेक्षा भारी पडते, कारण ते पुढे न्यायचे असते आणि फिरवायचेही असते. अगदी कडेला वाढलेला एक किलो हा वेग घेताना आसनाखालच्या जवळजवळ दोन किलोंइतका जाणवतो. रिम मोठी झाली की धातू मध्यापासून दूर सरकतो. ब्रेकच्या वेळी यातील काही ऊर्जा बॅटरीत परतते हे खरे, पण प्रत्येक रूपांतरात थोडी गळती असतेच. शहरात घडोघडी थांबत-निघत जाणाऱ्याला ही गळती अधिक बाधते.

याचे एक बोलके उदाहरण टोयोटा कंपनीच्या प्रियस मोटारीचे आहे. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात विक्रीस आलेली ही मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पहिली संकरित मोटार. भारतातही २०१० पासून काही वर्षे ती विकली जात होती. तिची २०२३ ची आवृत्ती अमेरिकेत दोन मापांच्या चाकांवर मिळू लागली. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या मोटारींपैकी साध्या प्रकाराला १९५/६० आर १७ टायर होते, तर वरच्या दोन प्रकारांना १९५/५० आर १९. इंजिन, मोटर व बॅटरी एकच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या पद्धतीने काढलेला एकत्रित आकडा १७ इंची चाकांना गॅलनला ५७ मैल आला आणि १९ इंची चाकांना ५२ मैल. आपल्या मापात लिटरला सुमारे २४.२ आणि २२.१ कि.मी. वरच्या प्रकारांत इतर साहित्य अधिक असल्याने थोडे वजनही अधिक असते. तेव्हा सारा फरक चाकांच्याच माथी मारणे न्यायाचे होणार नाही. तरीही चाकांचा वाटा त्यात मोठा आहे, असे मानण्यास जागा आहे.

डिचोलीहून पणजीला रोज ये-जा करणाऱ्या एखाद्या शिक्षकाची मोटार वर्षाला १२,००० कि.मी. धावते असे धरू. वरील आकड्यांनी त्याला एका प्रकारात सुमारे ४९५ लिटर पेट्रोल लागेल, दुसऱ्यात ५४३ लिटर. वर्षाला ४८ लिटरांचा फरक. पाच वर्षांत तो २४० लिटर होतो. नव्या रिम व टायर यांची किंमत यात धरलेलीच नाही.

प्रियसच्या या उदाहरणातून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. कंपनीने रिम दोन इंचांनी वाढविली, परंतु टायरची रुंदी १९५ मि.मी. हीच ठेवली आणि एकूण उंचीही फारशी वाढू दिली नाही. बाजारात मात्र रिम मोठी घेतली की टायर रुंदही घ्यावा, असा जणू संकेतच पडून गेला आहे.

टायरच्या बाजूवरील आकडे वाचता आले तर दुकानात फसगत होत नाही. टोयोटा हायरायडर आणि मारुती ग्रँड विटारा या २०२२ मध्ये आलेल्या मोटारींच्या संकरित प्रकारांवर २१५/६० आर १७ हे माप आढळते. यातील २१५ ही टायरची रुंदी मि.मी. मध्ये. ६० म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मि.मी. 'आर' हे रेडियल बांधणीचे चिन्ह आणि १७ हा रिमचा व्यास इंचांत. एक इंच २५.४ मि.मी. चा, म्हणून रिम ४३१.८ मि.मी. ची. तिच्यात वरची व खालची मिळून २५८ मि.मी. उंची मिळविली की चाकाचा पूर्ण व्यास ६८९.८ मि.मी. येतो. सातवीच्या विद्यार्थ्याला हे गणित सहज जमेल. शिक्षकांनी शाळेच्या आवारातील वाहनांवरून ते करवून घेण्यास हरकत नाही.

आता १८ इंची रिम घ्यावयाची ठरली आणि तिच्यावर तेच २१५/६० चे टायर चढविले, तर व्यास ७१५.२ मि.मी. होतो. वाढ ३.७ टक्के. वेगदर्शकाला हा बदल कळत नाही; तो चाकाचे फेरेच मोजतो. काटा ८० वर असता मोटार पूर्वीपेक्षा तेवढ्याच टक्क्यांनी अधिक, म्हणजे ८० चे जवळजवळ ८३ अशा प्रमाणात धावू लागते. अंतरही कमी नोंदले जाते, त्यामुळे ॲव्हरेज काढताना घोटाळा होतो. मीटरवरचे ५०० कि.मी. प्रत्यक्षात ५१८ च्या घरात असतात. त्याऐवजी २१५/५५ आर १८ घेतल्यास व्यास ६९३.७ मि.मी. येतो, वाढ एक टक्क्याहूनही कमी. २३५/५० आर १८ चा व्यासही ६९२.२ मि.मी. म्हणजे मूळच्या जवळचाच, पण तो टायर २० मि.मी. नी रुंद आहे व रोध, वजन आणि हवेचा अडथळा या तिन्ही बाजूंनी महाग आहे. दुकानदार तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो म्हणतात. संकरित मोटारीसाठी एक टक्क्याच्या आत राहणे बरे.

मापाच्या पुढचा आकडा भार दाखवितो व अक्षर वेग. '९६ एच' याचा अर्थ टायर ७१० किलो भार आणि ताशी २१० कि.मी. वेग सहन करण्याजोगा आहे. नवा टायर मूळच्यापेक्षा कमी भाराचा कधीही घेऊ नये. संकरित मोटारीत बॅटरीचे वजन असते, हे येथे विसरून चालत नाही. रिमवरही तिची भारक्षमता कोरलेली आहे की नाही ते पाहावे. बोल्टांच्या वर्तुळाचे माप जुळणे तर अपरिहार्यच. २००९ च्या प्रियसमध्ये पाच बोल्टांचे वर्तुळ १०० मि.मी. होते, २०२३ च्या प्रियसमध्ये ते ११४.३ मि.मी. झाले, नाव तेच असले तरी चाक बसत नाही. रिम मडगार्डाच्या बाहेर किती येते हे तिच्या 'ऑफसेट'वर ठरते. ते चुकले तर स्टिअरिंग पूर्ण वळविताना टायर आतल्या बाजूस घासतो आणि बेअरिंगवर अकारण ताण येतो.

गोव्याच्या वाहनधारकाने याखेरीज पावसाचा विचार करणे भाग आहे. रिम मोठी आणि व्यास तोच, तेव्हा टायरची बाजू तोकडी होते. १२९ मि.मी. च्या जागी ११८ किंवा १०० मि.मी. एवढेच रबर रिम आणि खड्डा यांच्यामध्ये उरते. आषाढ-श्रावणात पाण्याने भरलेला खड्डा उथळ की खोल हे चालकाला दिसत नाही. डांबर संपून जांभ्या दगडाची कडा उघडी पडते तेथे तोकड्या टायरची रिम वाकते किंवा तिला तडा जातो. वाकलेल्या रिममधून हवा हळूहळू जाते, आणि कमी हवेचा टायर अधिक तापतो व अधिक पेट्रोल खातो. रुंद टायर साचलेल्या पाण्यावर तरंगण्याचा धोकाही अरुंद टायरपेक्षा अधिक. शिवाय विजेवर चालताना इंजिनाचा आवाज नसल्याने टायरची घरघर स्पष्ट ऐकू येते. ही तक्रार लोक चाके बदलल्यानंतर करतात, आधी कोणी विचारीत नाही.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरबदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्ती अधिनियमाने अनधिकृत फेरबदलाबद्दल मालकास शिक्षेची तरतूद केली. त्याच मोटारीच्या एखाद्या प्रकारावर निर्मात्याने स्वतःच मोठे चाक दिले असेल, तर ते माप, त्या टायरसह, निवडणे हा सर्वांत निर्धोक मार्ग होय. मालकाच्या पुस्तिकेत आणि बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर मान्य मापे व हवेचा दाब दिलेला असतो. त्याबाहेर जावयाचे असल्यास पैसे मोजण्यापूर्वी वाहतूक खात्याच्या जवळच्या कार्यालयात चौकशी करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी सर्वेक्षक मोटारीजवळ आला की तो चाकेही पाहतो.

इतके पाहूनही चाके बदलावयाची असतील, तर नव्या चाकाचे टायरसह वजन काट्यावर करून घ्यावे व मूळच्याशी ताडून पाहावे. टायरवर भारतीय मानक संस्थेचे आय.एस.आय. चिन्ह असावे. त्यावरील चार अंकी आकडा उत्पादनाचा आठवडा व वर्ष सांगतो : '२३२४' म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बसविल्यावर पहिल्या शंभर कि.मी. नंतर नट पुन्हा आवळून घ्यावेत. पुढील चार-पाच वेळा टाकी पूर्ण भरून, अंतरात वर सांगितलेली दुरुस्ती करून, ॲव्हरेजची नोंद वहीत ठेवावी. बदलण्यापूर्वीची तशी नोंद हाताशी असेल तरच या आकड्यांचा उपयोग होईल. मूळचा संच मोडीत देऊ नये. टायरमध्ये हवा ठेवून, ऊन व विजेच्या मोटारींपासून दूर, कोरड्या जागी तो आडवा रचून ठेवावा. मोटार विकताना गिऱ्हाईक त्याबद्दल विचारते.